एका रोलपुरता डेव्हलपर

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल हे देवालाही सांगता येणार नाही; पण आलेलं पाणी कशासाठी असतं, हे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे आमच्या हिचे फोटोग्राफर मामा. पाणी फिल्म धुण्यासाठी असतं. उरलं तर माणसांनी प्यावं. नळ आला की मामी हंडा घेऊन धावतात, तर मामा काचेची बरणी धरून आधीच तिथं उभे. ते पाणी उकळायचं, गार करायचं, चौपदरी धोतरातून गाळायचं आणि मग त्यात डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं औषध, मिसळायचा: एक भाग औषध, तीन भाग पाणी, थेंबाचा फरक चालायचा नाही. "माझ्या बाळंतपणात बी एवढं पाणी तापवलं नव्हतं ह्यांनी," असं मामी मला दर भेटीत ऐकवतात.

बरं, एवढ्या थाटात केलेला डेव्हलपर मामा एका रोलनंतर सरळ मोरीत ओतून देतात. अजून एखादा रोल त्यात सहज निघाला असता, असं मी एकदा म्हणालो. मामा हसले नाहीत. "जावईबापू, थकलेलं औषध दिसाया ताज्यासारखंच दिसतं. आता माझ्याच्यानं व्हत नाय, असं सांगत नाय ते."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते लासूर स्टेशनच्या एका स्टुडिओत कामाला होते. सोयगावचं एक लग्न त्यांनी काढलं आणि लग्नसराईच्या घाईत सगळे रोल एकाच वापरून वापरून थकलेल्या डेव्हलपरमधून काढले. निगेटिव्ह इतक्या फिक्या आल्या की नवरा-नवरी नुसत्या सावल्या. मालक म्हणाले, फिल्मच खराब निघाली असं सांग. मामांनी त्या निगेटिव्ह खिशात घातल्या, एसटी धरली आणि सोयगावला जाऊन खरं ते सांगून टाकलं. नवऱ्या मुलाचे वडील अंगावर धावले. नवरा मुलगा मात्र म्हणाला, "लगीन तर लागलं ना? मग आता दर वर्षाला आमचा एक फोटो काढत जा, झालं." तो गमतीनं म्हणाला असेल. मामांनी ते मनावर घेतलं. चाळीस वर्षं झाली. ती तारीख आली की मामा सोयगावला, आणि घरी ताजा डेव्हलपर. मी बऱ्या-बऱ्या माणसांना शब्द फिरवताना पाहिलंय, त्यामुळे या माणसापुढं माझा आवाज उगीचच खाली येतो.

यंदा तो नवरा मुलगा, मामांचे दादा, गेले, तारखेच्या दोन महिने आधी. मामांना जेवण जाईना. न जावं तर शब्द मोडतो, आणि जावं तर त्या बाईच्या दुःखावर कॅमेरा रोखायचा. शेवटी मीच त्यांना गाडीत घालून सोयगावला नेलं. मामा उंबऱ्याबाहेरच थांबले.

"वहिनी, काढू का नको, तुम्हीच सांगा. नाय म्हणल्या तर आल्या पावली जातो."

"काढा की भाऊ," त्या म्हणाल्या आणि दर वर्षीच्या बाकड्यावर, पांढऱ्या भिंतीशी, डाव्या अंगाला जाऊन बसल्या.

"जरा मधी सरका."

"नाय. माझी जागा हीच हाय."

मामांनी शेजारची मोकळी जागा चौकटीत तशीच धरली. एकच फोटो काढला आणि रोल गुंडाळला.

घरी आल्यावर त्यांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा मी शेजारीच होतो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं दिसतं. वहिनींचं गडद लुगडं फिकट आलं होतं. शेजारची, दादा बसायचे तिथली मोकळी भिंत मात्र गच्च काळी भरून आली होती. अख्ख्या चौकटीत सगळ्यात दाट तेवढीच जागा. मामा तिथंच पाहत, फिल्म दोरीला लावता लावता हळूच म्हणाले, "दादा लई ठळक आले यंदा."