कॅप, गूळ आणि पहिली मूठ

दाढेचं रूट कॅनल करून डॉक्टरांनी वरून तात्पुरती कॅप बसवली आणि बजावलं, "पक्की यायला आठ दिवस. तोवर मऊ खा. कडक नको, चिकट तर अजिबात नको." हे नेमकं ऐन हुरड्यात! पंधरा-वीस दिवसांचा तो खेळ, मग दाणे टणक होतात आणि बसा वर्षभर वाट बघत.

बायकोने डॉक्टरांचं बोलणं ब्रह्मवाक्य मानलं. सकाळी रव्याची खीर, दुपारी मुगाची खिचडी, रात्री दुधात कुस्करलेली भाकरी. चौथ्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "आता पाळण्यात घाल अन् अंगाई म्हण." ती म्हणाली, "आधी लंगोट शिवते." घ्या!

रविवारी शेवगावजवळ सासुरवाडीच्या रानात हुरडा होता. "नुसता बघेन," अशी शपथ घेऊन गेलो. पण तिथे पहिली मूठ जावयाची. मेव्हण्याने आगटीत भाजलेलं कणीस चोळून गरम दाणे माझ्या तळहातावर ठेवले. नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान, आणि असले सोयीचे नियम मी कधीच मोडत नाही. दुसऱ्या बाजूने चावले, काही झालं नाही. मग भीड चेपली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. गुळाबरोबर कॅप उपटून आली. बोंबला! ती गुपचूप खिशात सारली. बायकोला कळलं असतं तर तिने मलाच आगटीत भाजलं असतं.

पण सासूबाईंनी पाहिलं होतं. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. पलीकडे बाभळीखाली त्या एकट्याच खलबत्त्यात हुरडा कुटत बसल्या होत्या.

"पाव्हणं, हिकडं या. बोलू नगा, खावा."

कुटलेला हुरडा, वर दही, मीठ, जिरं. अहाहा! मी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि विचारलं, "तुम्ही नेहमी असाच खाता?"

"व्हय. सात-आठ वर्सं झाली."

त्या प्रत्येक वर्षी मी तिथे होतो. आगटीभोवती आमचा नुसता कल्ला चालायचा, आणि बाजूला बसलेल्या या बाईकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. लाज वाटली मला.

"पक्की कॅप कवा बसनार?"

"गुरुवारी."

"मंग पुढल्या साली तुमी परत तिकडंच," त्या म्हणाल्या, आणि हसत माझी वाटी पुन्हा भरली.