आईचं सोयाबीन, दादाचं सोयाबीन

मंडळी, आज सकाळी माझी लई पंचाईत झाली.

दादा मेक्सिकोत नोकरीला हाय. व्हिडिओ कॉलवर तो तिकडं अन् आई इकडं औशात, दोघं मिळून टाको करून राहिले होते. आईनं ज्वारीची भाकरी दुमडून आत सोयाबीन वडीचा खिमा भरला, वर टमाटे-कांद्याचा कच्चा साल्सा.

दादा मात्र तव्यावर बीफचा खिमा टाकत होता. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत न्हाई. मी फोन पटकन माझ्याकडं वळवला.

आईनं विचारलं, "आत काय घालून राहिलास रे?"

"सोयाबीनच, आई."

"बरं. पोटभर खा बाबा."

फोन ठेवल्यावर मला हळूच म्हणाली, "निम्मा जन्म सोयाबीनच्या रानात गेला माझा. ते एवढं लाल कधी असतंय गं?"

मी तिच्या भाकरीवर अजून दोन चमचे साल्सा घातला. तुम्हीच सांगा, दादाला हे कळवू का?