मरळीच्या पिल्लांचं टाकं

बंडोपंतांनी उभ्या आयुष्यात मासा खाल्ला नाही, आणि मासे वाढवण्याखेरीज दुसरं काही केलंही नाही. बालाघाटच्या मराठी घरांतली मुलं कोणी तहसिलीत चिकटली, कोणी शाळेत, कोणी जंगल खात्यात. यांच्या वाट्याला मत्स्य विभाग आला. किरनापूरकडच्या मत्स्यबीज केंद्रावर रुजू झाले तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला होता. पण नोकरी सरकारी होती. आईने नाक मुरडलं आणि पेढे वाटले.

असे हे बंडोपंत निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं बांधायला लागले, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा रिकामपणाला कंटाळला. खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. माणिकची, त्यांच्या बायकोची, नजर चालली होती. काचबिंदू. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, गेली ती परत येणार नाही, उरली आहे ती थेंब घालून जपा, आणि तीही किती दिवस ते सांगता येत नाही. परतीच्या गाडीत माणिक म्हणाली, "पिल्लं उठतानी एकदा पाह्यली असती मी." तुमसर येईपर्यंत बंडोपंतांनी टाक्याची लांबीरुंदी मनात ठरवून टाकली होती.

पिल्लं उठणं हा केंद्रावरचा शब्द. नव्या पाण्यात सोडलेली इवलीशी पिल्लं आधी बुजून तळाशी बसतात. रुळली, पोटात काही गेलं, की एके दिवशी सगळी मिळून वर येतात. ते झालं की समजायचं, जगली. केंद्रावर हे पहिल्यांदा दिसायचं ते माणिकला. बंडोपंतांचा चष्मा तेव्हाही जाडच. रोहूची पिल्लं म्हणजे पाण्यात पाण्याचेच धागे, साहेबांना कुठून दिसणार? माणिक क्वार्टरमधून ओल्या हातांनी यायची, टाक्यावर वाकायची आणि म्हणायची, "उठली हो." मग मजुरांना चहा. काय दिवस होते ते. आजही बंडोपंतांना त्या चहाची, ओल्या मातीची आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांची एकदमच आठवण येते.

आणि अंडी. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालावा लागतो. आता सोवळ्याच्या घरात अंडं आणणार कोण? आईने तोडगा काढला होता: पातेलं वेगळं, चूल अंगणात पेरूखाली, आणि काम झालं की डोक्यावरून आंघोळ करून मगच घरात पाय. नव्या सुनेने ते काम मुकाट्याने अंगावर घेतलं. चातुर्मासात कांद्याला न शिवणारी बाई नाकाला पदर लावून रोज अंडी उकडायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून बलक गाळायची. दिवसातून तिसरी आंघोळ करताना बडबडायची मात्र भरपूर, आणि ती सगळी बडबड नवऱ्याच्या नावे असायची.

या वेळी बंडोपंतांनी रोहू घेतला नाही, मरळ घेतली. मरळीची पिल्लं लालभडक असतात, गोळा करून फिरतात; ती तिला दिसतील, असा हिशेब. नव्या सिमेंटचा तिखटपणा जावा म्हणून केळीच्या खांबाचे तुकडे टाक्यात भिजत घातले, ते पाणी फेकलं, पुन्हा भरलं. तळाशी न्हाणीघराच्या उरलेल्या पांढऱ्या फरशा बसवल्या, लाल रंग उठून दिसावा म्हणून. कडेला जलपर्णी सोडली, वर मच्छरदाणी ताणली. पिल्लं आणली रामपायलीच्या प्रेमलालने. हा जातीने ढीमर, मासे धरणारा, कधीकाळी केंद्रावर मजुरीला होता.

"मायबाप खालीच फिरून राह्यले होते, साहेब," डबा उतरवत तो म्हणाला. "थोडेच उचलले. बाकी छोड दिये त्यायच्याजवळ."

इथवर सगळं नीट झालं, आणि मग बंडोपंतांनी माती खाल्ली. केंद्र सुटल्यापासून घरात अंडं आलंच नव्हतं. त्यात चातुर्मास लागलेला, आणि डोळ्यांसाठी माणिकने यंदा तो जास्तच कडक धरलेला. तिच्या घरात अंडं आणायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी सत्तू वस्त्रगाळ केला आणि तोच टाक्यात घातला. जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आलेला माणूस! पाणी फेसाळलं. पिल्लं एकेक करून उलटी व्हायला लागली. मेलेली त्यांनी गुपचूप कण्हेरीच्या बुडाशी पुरली. त्यांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी, की ही मेली तर दुसरी पुढच्या पावसाळ्यातच मिळणार, आणि तोवर तिची नजर थांबणार नाही.

माणिकला दिसलं नाही, पण वास आला. भिंतीला हात लावत ती मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"पाणी आंबलं. काय घातलं?"

"सत्तू."

"सत्तू? काहून?"

"तुझा चातुर्मास आहे. अंडं कसं आणू?"

"चातुर्मास माझा आहे. त्यायचा नाही," माणिक म्हणाली. "जा, चौकातून अंडी आणा. अन् आल्यावर आधी अर्धं पाणी बदला."

मग सगळं पूर्वीसारखं झालं. अंगणात पातेलं चढलं, पदर नाकाला गेला, फडक्यातून बलक उतरला. बोटांनी चाचपत ती गाळत होती आणि बडबडत होती, आणि बंडोपंत बादल्या वाहत ऐकत होते. इतक्या वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

उरली ती पिल्लं तगली. एका दुपारी ऊन पडलं होतं. बंडोपंत मच्छरदाणी सारायला गेले तर त्यांच्या गुडघ्याजवळच्या कोपऱ्यात लाल गोळा वर आलेला, सगळा वळवळणारा. त्यांनी हाक मारली. माणिक आली, टाक्याच्या काठावर दोन्ही हात टेकून वाकली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"उठली हो," ती म्हणाली. "कशी लाल लाल दिसून राह्यली."

ती समोरच्या कोपऱ्यात पाहत होती. तिथे जलपर्णीचं एक पान होतं, आणि पांढऱ्या फरशा.

"हौ," बंडोपंत म्हणाले. "मस्त उठली." आणि आवाज होऊ न देता त्यांनी हात पाण्यात घातला. तळवा आडवा धरून तो गोळा भिंतीच्या कडेने हळूहळू तिच्याकडे, ती पाहत होती त्या कोपऱ्याकडे हाकायला लागले. पिल्लं फुटत, पुन्हा जमत, थोडी पुढे सरकत.

माणिकने मान वळवली नाही.

"हाकलू नका त्यायले," ती म्हणाली. "घाबरतात. जिथं आहेत तिथं राहू द्या."

बंडोपंतांनी हात बाहेर काढला आणि ते तिच्या शेजारी जाऊन वाकून उभे राहिले, ती पाहत होती तिकडेच पाहत.