एकाच आकड्याचा शिक्का

खराडीत मुलांच्या खेळघरात मी सुट्टीपुरता कामाला होतो. खेळघर चालवणाऱ्या कंपनीचा वार्षिक कार्यक्रम तिथेच होता; त्यासाठी वर्षभरातले महत्त्वाचे टप्पे लिहून माईकवर वाचायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायचं म्हटलं की छाती फुगते. दोन नव्या शाखा, मोठी घसरगुंडी आणि मालकांची दूरदृष्टी यांवर मी दोन पानं भरली. दूरदृष्टी तर तीनदा आली.

दारावर एक काका असत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आत येणाऱ्या मुलाच्या आणि त्याच्या आईबापाच्या मनगटावर ते एकाच आकड्याचा शिक्का मारत. निघताना दोन्ही हात शेजारी धरून बघत, मगच दार उघडत.

त्यांना मी पानं वाचून दाखवली.

"झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "पन वर्षभरात एकबी पोरगं चुकीच्या हाती गेलं न्हाई, ते कुठं हाय?"

मी ते शेवटी लिहिलं. आमच्या मॅनेजर साहेबांनी ते खोडलं. माईकवर तरी म्हणायचंच असं ठरवलं होतं, पण तिसऱ्यांदा दूरदृष्टी म्हणून मी खाली बसलो. काका मागे उभे राहून ऐकत होते.

कार्यक्रमानंतर मी निघताना दारावर त्यांनी माझं कोरं मनगट उलटसुलट पाहिलं.

"तुमच्यासंगं मोठं मानूस कोन हाय?"

"एकटाच आहे, काका," मी खरंखुरं सांगितलं. त्यांनी दार उघडलं.