उडून गेलेली नाकातो

मसाका शहराच्या बाजारामागच्या दवाखान्यात किझा केसपेपर काढायला बसला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता मिशा पांढऱ्या झाल्या. माणूस बडबड्या आणि थोडा आगाऊ. जुळ्यांच्या पाठीवर जन्मला म्हणून नाव किझा पडलं, आणि त्या मानाच्या नावाचा तोरा त्याने जन्मभर मिरवला. दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा नर्सबायकांनी त्याला घरी बसवायची भाषा केली. पण गडी एका बोटाने टायपत तरून गेला.

नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई, दर महिन्याला दोन मुलींना घेऊन यायची. बाबिर्ये थोरली, नाकातो धाकटी, दोघींना सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. एकदा ती फक्त बाबिर्येला घेऊन आली आणि खिडकीशी हळूच म्हणाली, "नाकातो उडून गेली."

किझा उठून उभा राहिला. आमच्यात जुळं मेलं असं कुणी म्हणत नाही, उडून गेलं म्हणतात. तो शब्द ऐकला की मागे राहिलेलं भावंडही त्याच वाटेला लागतं. किझाच्या आधीच्या जुळ्यांतला भाऊ कातो असाच उडून गेलेला. आईने मरेपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढला नाही.

पण कॉम्प्युटरला उडणं ठाऊक नव्हतं. त्याला तीनच गोष्टी कळत: उपचार चालू, दुसरीकडे गेली, मृत. दुसरीकडे म्हटलं की विचारी, कुठल्या दवाखान्यात? किझाने हात मागे घेतला आणि चालूच राहू दिलं. मग नाकातोची तारीख चुकली की आईच्या फोनवर आपोआप मेसेज जाऊ लागला.

डॉक्टर ओकिरोर टेसोकडचे, आमच्यातले नव्हेत; स्वभावाने बरे, पण चुकलेल्या तारखांच्या यादीत तेच नाव पाहून वैतागले. "किझा, एकदाचं काय ते लिहा. तुमच्यासाठी 'उडाली' मी कुठून आणू?"

किझाने हसून वेळ मारून नेली. पण पुढच्या खेपेला नालोंगो बाकावर फोन धरून बसली होती. स्क्रीनवर तोच मेसेज होता, डोळ्यांतून पाणी चाललेलं. आपण या बाईच्या जखमेवर मीठ चोळतोय, असं किझाला वाटलं. दवाखाना रिकामा झाल्यावर त्याने 'मृत'वर बोट ठेवलं आणि दाबलं. कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम केलं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पुढच्या महिन्यात नालोंगो आली ती फोन पुढे करतच. बिघडलाय का, मेसेज का आला नाही, विचारू लागली. किझा म्हणाला, तुम्हाला त्रास नको म्हणून मीच बंद केला. तिने बाबिर्येला नळावर पाणी प्यायला पाठवलं.

"काय लिहिलंत?"

त्याला खोटं बोलता आलं नाही, आणि तो शब्दही उच्चारवेना. तिला कळलं.

"घरात तिचं नाव कुणी घेत नाही, किझा," ती म्हणाली. "बाबिर्येला लागेल म्हणून नवरा घेत नाही, शेजारणी घेत नाहीत. महिन्यातून एकदा हा फोन म्हणायचा, नाकातोला घेऊन या. तेवढंच मी वाचत बसायची. त्या यंत्राने तो शब्द काढला नव्हता. तुम्ही काढलात. आमच्यातले असून."

किझाने घाईघाईने कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. खूप खटपट केली. मृताला पुन्हा चालू करायची सोय त्यात नव्हती. डॉक्टरांनीही येऊन पाहिलं आणि मान हलवली. किझाने बाबिर्येची पुढची तारीख काढून चिठ्ठी तिच्या हातात दिली.

बाबिर्ये ओल्या तोंडाने परत येऊन आईला बिलगली. नालोंगोने तिचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले.

"म्हणजे पुढच्या वेळी एकीलाच आणायचं?"

किझाला हो म्हणावं लागलं.