अर्ज मोठा, पाय लांब : भिवंडीहून पुरीला विमानाने

मंगळवारी पाकीट आलं. आत काय निघालं ते आधी लिहिते, कारण पाकीट उघडलं की पहिली यादी करायची मला सवय आहे. मुंबई ते भुवनेश्वर विमानाची दोन तिकिटं, सहा हजार दोनशे. परतीची दोन, पाच हजार आठशे. जाताना पाय लांब करता येतील अशा दोन जागांचे ज्यादा, माणशी तीनशे, म्हणजे सहाशे. पुरीच्या धर्मशाळेत फोनवर खोली सांगितल्याची चिठ्ठी, फुकट. आणि पाकीट कडक राहावं म्हणून घातलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर, तेही फुकट.

तिकिटांचे पैसे भिशीतून निघाले, त्याचं काही वाटलं नाही. बोचले ते सहाशे. हा लेख त्या सहाशेंचा आहे, म्हणून आधी त्यांची गोष्ट सांगते.

आमचे हे धामणकर नाक्याच्या मागे एका लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. चार वर्षांपूर्वी सुताचा भरलेला बीम, म्हणजे मागाचा जड रूळ, चढवताना घसरला आणि ह्यांच्या डाव्या गुडघ्यावर आला. पट्टी बसवली, गज घातला, पाय राहिला, पण गुडघा वाकेना. बीम ज्याने उचलून बाजूला केला तो कारीगर बैना, ओरिसाकडचा. त्याने इस्पितळात ह्यांच्या उशाखाली जगन्नाथाचा फोटो ठेवला. तिथेच ह्यांनी नवस बोलला : चालता आलं तर पुरीच्या देवळाच्या बावीस पायऱ्या स्वतःच्या पायाने चढेन. काठी चालेल, खांदा नाही.

आता मेख अशी, की पाय तासभर दुमडल्यासारखा कोंबून ठेवला की सुजतो. एका लग्नाला एस्टीने नाशिकला गेलो, तर उतरल्यावर तीन दिवस चप्पल चढली नाही. रेल्वेने पुरी म्हणजे दीड दिवस, आणि रेल्वेच्या संडासात न वाकणाऱ्या गुडघ्याचे काय हाल होतात ते लिहायला नको. विमान दोन-सव्वादोन तासांचं. पण पाय सुजून उतरला तर बावीस पायऱ्या कशा चढणार?

म्हणून मी निजामपुऱ्यात अन्सारीभाईंकडे गेले. ते तिकिटांचं काम करतात. आधी कापडाच्या दलालीत होते, त्यामुळे ह्यांना ओळखतात. मी पायाचं सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "भाभी, इमर्जन्सी दरवाजे वाली लो. उस में अर्ज बडा है. अर्ज का तीन सौ जादा लगेगा, बस."

मी म्हटलं, "दोघांचा अर्ज वेगळा लागेल?"

"हां, हर सीट का अलग."

मी सहाशे मोजून दिले आणि घरी येऊन फुलस्केप काढला. अर्ज बडा पाहिजे म्हणाले होते, म्हणून दोन पानी लिहिला. 'सेवेशी, मा. व्यवस्थापक साहेब. विषय : पाय लांब करता येईल अशी जागा मिळणेबाबत.' बीम कधी पडला, गज किती इंची, गुडघा किती वाकतो (वाकत नाही), नवस काय, सगळं. मी मॅट्रिकला मराठीत शाळेत पहिली होते, अर्जाला मी घाबरत नाही. माझ्यासाठी वेगळा, अर्ध्या पानाचा. प्रत्येकाची दुसरी प्रत.

आणखी एक डोकं चालवलं. खडूने फरशीवर विमान काढलं. मधे वाट, इकडे तीन खुर्च्या अ, ब, क, तिकडे तीन ड, ई, फ. ह्यांचा पाय डावा. वाट डाव्या हाताला यायची तर 'ड'च हवी. 'क'वर बसले तर वाट उजवीकडे आणि डावा पाय शेजाऱ्याच्या मांडीवर. म्हणून ह्यांना ड, मला ई, असं अन्सारीभाईंना बजावून सांगितलं होतं. तुम्ही वाटेजवळची जागा मागाल तेव्हा कुठला पाय ते आधी ठरवा. हे कुणी सांगत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अंबाडीजवळच्या गावाहून नणंद आली, वच्छला. फरशीवरचं विमान पाहून तिने हात कमरेवर ठेवले.

"काय गो वहिनी, देवाला चाललीस का रुखवताला? एवरी सुखाची जागा कशाला पायजे? आमी तुलजापूरला उभ्यानं गेलो."

"तुमचे गुडघे वाकतात, वन्सं."

"मंग त्याची जागा घे. तुजी कशाला? तुजा पाय तं धडधाकट हाय!"

शेजारी बसले तर पाय चेपता येईल, एवढंच मनात होतं. पण तीनशे रुपये तीनशे रुपयेच. देवापुढे दिवा लावताना मी म्हटलं, हे तीनशे वाया जाऊ देऊ नकोस बाबा.

पहिला दिवस : भिवंडी ते पुरी

इंडिका साडेसहाशेला ठरवली. काल्हेर, कशेळी, ठाणे करून सकाळी नऊला सांताक्रूझला पोचलो. ट्रकांची रांग धरून वेळ काढा, दोन तास तरी हवेत. घरून निघताना मी शिंप्याच्या टेपने ह्यांचा घोटा मोजला होता. साडेनऊ इंच.

काउंटरवर मराठी मुलगी होती. तिने ह्यांची काठी पाहिली, तिकीट पाहिलं, पुन्हा काठी पाहिली. "काका, पायाला काय झालंय?"

मी मोठ्या ऐटीत अर्ज पुढे केला. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, ह्या जागेवर पाय न वाकणारा माणूस बसू शकत नाही."

"अहो, पाय वाकत नाही म्हणून तर घेतली!"

"ते संकटकाळी उघडायचं दार आहे. तिथे बसलेल्याला चटकन उठता आलं पाहिजे, दुसऱ्यांना बाहेर काढता आलं पाहिजे. नियम आहे काकू, मी काहीच करू शकत नाही."

खरं सांगते, नियम ऐकल्यावर मला तो पटला. जिथून लोक पळणार तिथे ह्यांचा पाय आडवा, म्हणजे बीमच टाकल्यासारखा. पण पटला म्हणून प्रश्न सुटला नाही. ह्यांनी माझी बाही ओढली. "चल, कुठंपण बसतो. लोकं थांबलीत मागं."

"कुठंपण नाही," मी म्हटलं. "बाई, तुमचे साहेब असतील त्यांना बोलवा. आणि ह्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

"काय द्या?"

"पोच. अर्ज मिळाला म्हणून सही आणि तारीख."

साहेब आले, चष्मा वर करून दोन्ही पानं उभ्यानेच वाचली. नवसाच्या ओळीपाशी थांबले. मग म्हणाले, "आजी, इथे लोक येऊन ओरडतात. अर्ज आजवर कुणी दिला नाही." (मी आजी नाही, पण त्या घटकेला वाद घातला नाही.) त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. अगदी पहिल्या रांगेत एकच जागा शिल्लक होती. समोर खुर्ची नाही, पाय सरळ राहील.

"कुठली? क की ड?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "ड."

"द्या."

पहिल्या रांगेला वेगळे पैसे पडतात, पण आम्ही भरलेल्यातच त्यांनी ते बसवून दिले आणि प्रतीवर सहीसुद्धा केली. ती प्रत आता देव्हाऱ्याच्या खणात आहे. माझी जागा मात्र बाराव्या रांगेत, त्या दाराच्या ओळीतच राहिली, फक्त 'ई'ऐवजी ह्यांची रिकामी झालेली 'ड' मला दिली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि पहिल्या विमानात आम्ही अकरा रांगांच्या अंतरावर.

तपासणीच्या चौकटीत ह्यांच्या गुडघ्यातला गज वाजला. जवानाने विचारलं तर हे म्हणतात, "मेरा नही है, डॉक्टर का है." तो हसला आणि सोडलं.

विमानात मी बाराव्या रांगेत टेकले, तर हवाईसुंदरी माझ्याजवळ आली आणि हिंदीत विचारलं, संकट आलं तर दार उघडायला मदत कराल का? तोंडाने हो म्हणा, मान हलवून चालणार नाही. मी म्हटलं, "हां, करूंगी." आयुष्यात मी एवढ्या लोकांची जबाबदारी कधी घेतली नव्हती. कागदावरची चित्रं दोनदा वाचली. दार ओढायचं कुठे, ढकलायचं कुठे. शेजारचा सुटातला माणूस झोपून गेला, मी सव्वादोन तास डोळा मिटला नाही.

पायापुढे जागा एवढी, की मांडी घालून भाजी निवडता आली असती. माझे पाय तर जमिनीलाही धड टेकेनात. लाडवांची पिशवीसुद्धा खाली ठेवू देईनात, वर टाकायला लावली. वच्छला आठवली.

पण मग दिवे लागले, पट्टा सोडायची सूचना झाली आणि अगदी पुढे, वाटेच्या उजव्या अंगाने, एक पाऊल हळूच बाहेर आलं. पांढरा कॅनव्हासचा बूट, त्याला मी शिवलेली काळी नाडी. चहाची गाडी आली की ते पाऊल आत जायचं, गाडी गेली की परत बाहेर. मी वाटेच्या कडेला होते म्हणून दिसलं. खिडकीशी असते तर ढग दिसले असते.

भुवनेश्वरला उतरल्यावर बाकावर बसवून आधी टेप काढला. पावणेदहा. पाव इंच! मी तिथेच हात जोडले.

पुरीपर्यंत साठेक किलोमीटर, अँबॅसडरने साडेसातशे घेतले, रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना नारळ. पुढची सीट मागे सरकवून घ्या, त्याचे ज्यादा लागत नाहीत. धर्मशाळेची खोली तीनशे, अंथरूण स्वच्छ, पाणी खारट.

दुसरा दिवस : बावीस पायऱ्या

पहाटे आंघोळ करून सिंहद्वाराशी गेलो. चपला, चामड्याचा पट्टा, मोबाइल, सगळं बाहेर ठेवावं लागतं. पंड्याशी दक्षिणा आधीच ठरवा, आम्ही एकशेएक ठरवले आणि तेवढेच दिले.

पहिल्या पायरीपाशी ह्यांनी काठी टेकली. उजवा पाय वर, मग डावा बाजूने फिरवून वर. माझा हात आपोआप पुढे गेला.

"लांब राहा. खांदा न्हाय बोललोय," हे म्हणाले.

मी दोन पायऱ्या मागे राहून मोजत होते. नवव्या पायरीवर थांबले. गर्दी बाजूने वाहत होती. पंड्या, कपाळावर गंध ओढलेला, उंच माणूस, ह्यांच्या पायाकडे बघून म्हणाला, "घुटना नहीं मुडता?"

"नहीं. दंडवत नहीं कर सकता, उसका बुरा लगता है."

"अरे बाबू, अंदर जो बैठा है उसका हाथ-पाँव पूरा कहाँ है? वो किस को दंडवत करने बोलेगा?"

हे मोठ्याने हसले. देवळात ह्यांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. पुढच्या तेरा पायऱ्या न थांबता चढले. बाविसावी झाली तेव्हा मागे वळून मला एवढंच विचारलं, "बरोबर मोजल्या ना?"

बरोबर मोजल्या होत्या.

आत मोठ्या डोळ्यांचा, आखूड हातांचा देव. दुपारी आनंदबाजारात मातीच्या मडक्यातला महाप्रसाद केळीच्या पानावर घेतला, भात, डाळ, भाजी, दोघांचे साठ रुपये. तिथे जात-पात, उष्टं-खरकटं काही नाही, सगळे एका जागी जेवतात. घरच्यांसाठी खाजा घ्या, आठ दिवस टिकतो.

चौथा दिवस : परत

इथे माझी चूक सांगायची आहे. परतीच्या जागांना मी पैसे भरले नव्हते. नवस जातानाचा, तो फिटला की पाय सुजला तरी काय बिघडतं, असा माझा हिशेब. पहिली रांग भरलेली. ह्यांना चोविसाव्या रांगेत मधली जागा मिळाली. विमान तासभर उभंच राहिलं, मग उडालं. मी शेजारी होते, विचारत होते, हे "ठीक हाय" म्हणत होते.

घरी येऊन मोजा उतरवला तर घोट्यावर खोल वळ. टेप लावला. अकरा इंच.

"बोलला का नाहीत?"

"सहाशे वाचलेले ना तुझे," हे म्हणाले. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. नवस जातानाचा असेल, पाय तर येतानाही ह्यांचाच होता. चार दिवस मिठाच्या गरम पाण्याने शेकला.

पाचव्या दिवशी अन्सारीभाई खाजा घ्यायला आले. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलेला मोठा अर्ज फार उपयोगी पडला."

"कौनसा अर्ज?"

मी प्रत दाखवली. ते सही बघतात, मला बघतात. तोवर पलंगावर ह्यांचं पोट हलायला लागलं होतं. "अगं, त्यांच्यात अर्ज म्हणजे कापडाचा पन्हा! रुंदी! जागा मोठी हाय, एवढंच सांगत होते ते!"

अन्सारीभाईंनी कपाळाला हात लावला. "भाभी ने चौडाई का दो पन्ना लिख दिया!"

हसून घ्या तुम्हीही. पण पन्ह्याची जागा आम्हाला मिळालीच नाही, मिळाली ती अर्जाची. तेव्हा पाय, पाठ, काही दुखणं असेल तर तिकीट काढतानाच लेखी सांगा, दाराची ओळ घेऊ नका, पहिली रांग मागा, आणि पैसे दोन्ही बाजूंचे भरा. वच्छला म्हणाली, "सुखाची जागा मिलाली का गो?" मी म्हटलं, जाताना मिळाली, येताना मी वाचवली.

काल संध्याकाळी सूज पूर्ण उतरली. टेप साडेनऊवर आला तेव्हा हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदा नवस न बोलता कुठंतरी जाऊ. नुसतं बघायला." एकतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी फरशीवरचं विमान अजून पुसलेलं नाही.

हा लेख माझी मुलगी टाइप करून ब्लॉगवर चढवते. खाली प्रतिक्रियेची चौकट आहे म्हणे, पण मला माझीच भाषा बरी. तेव्हा वाचकहो, दोन तासांच्या आत विमान पोचतं, उतरल्यावर चढ नाही आणि डाव्या पायाचा माणूस निवांत बसून काहीतरी बघू शकेल, असं ठिकाण कुणाला ठाऊक असेल तर उलट टपाली कळवावं. जागा दोन्ही वेळच्या ज्यादा भरून घेणार आहे, ह्यांना अजून सांगितलेलं नाही.