भेगेतला निळा चुना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — आजच का, ते माझं मलाही कळत नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतरची गोष्ट. आमच्या आसगाववरून उन्हाळ्यात लढाऊ विमानं जायची, आवाजाहून वेगानं, आणि मागून धडाका यायचा — फळीवरची भांडी खाली. ग्रामसभेत वाद पेटला. कुणी म्हणे, देशाची विमानं आहेत, सोसा. मी म्हणालो, उडू द्या, पण वस्तीवरून या वेगानं नको. तसा नियम करा. तलावाचं पाणी वाटताना पाळ्या मी ठरवतो, म्हणून लोक माझं मानतात. ठराव झाला.

शेजारच्या सुमनबाई एकट्या राहतात. त्यांची भिंत त्या धडाक्यानं खरोखर फाटली होती. आणि माझी? माझी भेग आधीचीच. पाया भरताना मीच घाई केली होती. तरी ठरावावरून पाहणीला सरकारी इंजिनिअर आला, तेव्हा मी त्याला आधी माझ्याच घरी नेलं. भेग मोठी होती ना — तक्रारीला वजन येईल, असा माझा हिशेब.

त्यानं भेगेत बोट घातलं. बोट निळं झालं. दर जयंतीला आम्ही चुन्यात नीळ कालवून घर रंगवतो. एप्रिलात माझाच कुंचा त्या भेगेत फिरला होता. धडाका मे महिन्यातला.

"ही जुनी आहे," तो म्हणाला. "बाकीच्याही अशाच असतील."

सुमनबाईंच्या दारात तो गेलाच नाही. मी त्याला थांबवून तिकडे नेलं का? नाही — गाडीपर्यंत पोचवायला गेलो.

गावाला सांगितलं, सरकार ऐकत नाही. मग वर्षानुवर्षं सगळ्यांसोबत मीही चिडत राहिलो. इतका, की कधी कधी मला ते खरंच वाटायचं.

परवा पुन्हा धडाका झाला. ग्रामसभेत सुमनबाई उठल्या. त्यांची भिंत अजून लाकडाच्या टेकूवर उभी आहे.

"भाऊ, तुमी बोला जी. तुमचं आयकतेत."

"काही होत नाही, बाई."

"काहून नाही होत?"

"विमानालेच ग्रामसभेची नोटीस धाडा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

काहून — का होत नाही, ते तिथं फक्त मलाच ठाऊक होतं. मी काय केलं? पुन्हा ठराव करायचा का, यावर मतं घेतली; नको म्हणून हात वर झाले, त्यात पहिला माझा होता.